इन्स्टाग्राम सोडायचंय, पण गिऱ्हाईक सुटायला नको

परभणी जिल्ह्यातल्या एका चित्रकाराचा प्रश्न आहे. व्यक्तिचित्रं, थोडी निसर्गचित्रं आणि शाळांच्या भिंती रंगवायची कामं ते करतात. इन्स्टाग्रामवर २२ हजार फॉलोअर आहेत. दोन वर्षांपासून चित्रापेक्षा रीलला जास्त वेळ जातोय, चित्रात मन लागत नाही, म्हणून सगळंच बंद करावं असं वाटतंय. भीती एकच, ऑर्डरी थांबल्या तर काय? अकाउंट डिलीट करावं का आणि करायचं तर कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी येतं आणि बहुतेकांना ते दाबावंच लागत नाही. खरं काम आहे ते तिथल्या ओळखी उचलून स्वतःच्या वहीत आणायचं. ते एका रात्रीत होत नाही, एक अख्खा पावसाळा लागतो.

आधी त्रास नेमका कशाचा आहे ते बघा. दुसऱ्यांचं बघणं, आपलं टाकणं आणि आलेल्या निरोपांना उत्तरं देणं ही तीन निराळी कामं आहेत. नुसतं बघण्यात वेळ जात असेल तर फोनमधून अ‍ॅप काढा, अकाउंट कॉम्प्युटरवरून चालवा, एवढ्यावर भागतं. पण तुमच्या प्रश्नावरून दुखणं रीलचं दिसतंय, आणि ते वेगळं आहे. १२ तासांच्या व्यक्तिचित्राचं ३० सेकंदांचं रील करायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून मोजा. स्टँड लावायचा, हाताची सावली कागदावर पडणार नाही असा दिवा धरायचा, मधे मधे फोनची मेमरी रिकामी करायची, मग कापाकापी, गाणं, मजकूर. तीन-साडेतीन तास सहज जातात. त्याहून मोठं नुकसान चित्राचं होतं. जलरंगात पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. कॅमेरा चालू असला की तेवढा दम निघत नाही, अर्धवट ओल्या वॉशवर दुसरा वॉश जातो आणि रंग मळतो. डोळ्याच्या बाहुलीतला चमकता ठिपका शेवटी द्यायचा, तो आधीच दिला जातो, कारण रीलच्या सुरुवातीलाच डोळा जिवंत दिसला तर लोक थांबतात. मग बाकीचा चेहरा त्या डोळ्याच्या मागे धावत राहतो आणि उजेडाची दिशा चुकते. हे होत असेल तर सोडण्याचा विचार रास्त आहे.

शिवाय ती जागा आपली नाही हे मराठवाड्यातल्या कलावंतांनी एकदा पाहिलेलं आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या गायकांचे, नकलाकारांचे हजारो-लाखो फॉलोअर जागच्या जागी संपले. कुणाचा फोन नंबर हातात नव्हता. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच इन्स्टाग्रामनं भारतात रील आणलं आणि फोटो टाकून निवांत बसणाऱ्या चित्रकारांनाही व्हिडिओवाला व्हावं लागलं. २०१० साली फोटोंसाठी निघालेल्या अ‍ॅपमध्ये आपलं चित्र आता किती जणांपुढे जाणार, हे चित्रावर ठरत नाही.

आता वही. दोनशे पानी आखीव रजिस्टर घ्या आणि मागच्या १२ महिन्यांतली प्रत्येक ऑर्डर लिहून काढा. आठवत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा. यूपीआयनं आलेल्या रकमा आणि तारखा बघितल्या की नावं आपोआप आठवतात. रकाने सहा: नाव, गाव, काम, रक्कम, पहिल्यांदा कुणाकडून कळलं, सौदा कुठे ठरला. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवा, कारण सगळी फसगत तिथेच होते. निरोप इन्स्टाग्रामवर आला म्हणून आपण ऑर्डर इन्स्टाग्रामची धरतो. फोन करून विचारलं तर कळतं, मानवतच्या मेव्हण्याच्या बैठकीत चित्र पाहिलं, कोपऱ्यातली सही वाचली आणि मग नाव इन्स्टाग्रामवर शोधलं. अशी ऑर्डर मेव्हण्याच्या नावावर लिहायची. समजा ४० ऑर्डरींपैकी खरोखर अनोळखी माणसानं निव्वळ रील बघून दिलेल्या ६ निघाल्या, तर तुम्ही बिनघोर निघू शकता. त्या २० निघाल्या तर अकाउंट बंद करू नका. फक्त रील बंद करा, आठवड्याला एक फोटो टाका आणि खाली सांगितलेली बाकीची कामं एक वर्षभर करत राहा.

व्यक्तिचित्रांचा धंदा आपल्याकडे कोणत्या प्रसंगांवर चालतो तेही या वहीतच दिसेल. वर्षश्राद्ध आणि पुण्यस्मरण, सेवापूर्ती समारंभ, लग्नाचा वाढदिवस. सेवापूर्तीचा एक मजेदार हिशेब आहे. जुन्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावून टाकली, त्यामुळे अर्धा मराठवाडा एकाच दिवशी जन्मला. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे हे सगळे गुरुजी आणि ग्रामसेवक ३१ मेला निवृत्त होतात. एप्रिल-मेमध्ये ‘सरांचं चित्र करून द्या’ म्हणून जी झुंबड उडते ती यामुळे. तेव्हा मार्च ते मे या काळात कसलीही हलवाहलव करू नका. जूनमध्ये मृग लागला की शेतीवाल्या घरांचा पैसा बियाण्या-खतात जातो, ऑर्डरी तशाही मंदावतात. तेव्हा सुरुवात करा. पोळ्यापर्यंत माहिती आणि फोन नंबर हलवून झाले पाहिजेत. दसऱ्याच्या पुढेमागे सोयाबीनचे पैसे हातात येतात, कापूस त्यानंतर, आणि दिवाळीपासून घराची रंगरंगोटी, फ्रेम, चित्रं यांवर खर्च सुरू होतो. त्या वेळी तुमचा नवा पत्ता लोकांना माहीत असला पाहिजे.

माहिती उतरवून घेणं सोपं आहे, पण घाई नडते. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये जाऊन तुमची माहिती डाउनलोड किंवा एक्सपोर्ट करायचा पर्याय शोधा. तिथे तीन गोष्टी स्वतः बघून घ्याव्या लागतात. कालावधी ‘सुरुवातीपासून’ करा, नाहीतर फक्त मागचं वर्ष येतं. फोटो-व्हिडिओची प्रत ‘उच्च’ करा. स्वरूप ‘एचटीएमएल’ निवडा. ‘जेसन’ हे कॉम्प्युटरवाल्यांच्या कामाचं असतं, तुम्हाला उघडून वाचता येणार नाही. फाइल तयार झाल्याची मेल काही तासांत येते, कधी दिवस लागतात. लिंक ४ दिवसच चालते. फाइल मोठी असेल तर मोबाइल डेटावर उतरवू नका, मधेच तुटते. वायफाय असलेल्या ठिकाणी बसा आणि लॅपटॉपची बॅटरी भरून ठेवा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

त्या फायलीत काय येत नाही ते आधीच कळलेलं बरं. तुमच्या चित्रांखाली लोकांनी लिहिलेलं येत नाही, तुम्ही स्वतः लिहिलेल्या कमेंट तेवढ्या येतात. एखाद्या जाणकारानं चित्रावर नीट चार ओळी लिहिल्या असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट आत्ताच काढा. फॉलोअरांची नुसती नावं येतात, फोन नंबर नाहीत. निरोपांच्या खिडकीत ठरलेले भाव आणि अ‍ॅडव्हान्सच्या गोष्टी मात्र येतात. जी कामं अर्धवट आहेत त्यांच्या नोंदी पहिल्याच दिवशी वहीत उतरवा.

आणि चित्रं? इथे बहुतेकांचा भ्रम असतो की इन्स्टाग्रामवर आपला सगळा संग्रह आहे. तिथे बरीच वर्षं फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा करूनच ठेवला जायचा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तुमचं २२ इंची चित्र तिथून काढून छापलं तर ३.६ इंच रुंद, जेमतेम ९ सेंटिमीटर. व्हिजिटिंग कार्डाला ते पुरेल. ए-थ्री आकाराच्या कॅलेंडरला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. तेव्हा जुन्या फोनमधले, मेमरी कार्डावरचे मूळ फोटो शोधा आणि जी चित्रं अजून घरात आहेत त्यांचे नव्यानं काढा. काच काढून टाकायची. फ्लॅश बंद. उन्हात नाही, ओसरीच्या सावलीत सकाळी दहाच्या सुमारास, पावसाळी ढगाळ दिवस असेल तर उत्तम. चित्र भिंतीला टेकवून तिरकं ठेवलं तर फोटो वरून निमुळता येतो, म्हणून ते सरळ उभं टांगा आणि कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरा. शेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवा. तो फोटोत पिवळा दिसला तर रंग त्या अंदाजानं दुरुस्त करता येतात, मग तुकडा कापून टाका. समोरची भिंत पोपटी किंवा गुलाबी असली की तिचा रंग कागदावर सांडतो. आपल्याकडच्या घरांत हे फार होतं. समोर एक पांढरी चादर टांगली की काम भागतं.

फाइलला नाव देताना वर्ष आणि क्रमांक आधी: २०२३-०१४, मग विषय, आकार, कुणाकडे आहे. हाच क्रमांक वहीत. प्रती तीन ठेवा. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन. पत्र्याच्या खोलीत हार्ड डिस्क ठेवू नका. मे महिन्यात ती किती तापते ते हात लावून बघा.

आता मूळ काम, फोन नंबर. २२ हजारांकडे बघूच नका. ज्यांनी कधी चित्र घेतलं, भाव विचारला, दुसऱ्याला तुमचं नाव सांगितलं किंवा वारंवार नीट लिहिलं असे लोक काढलेत तर दीडशे ते तीनशे निघतात. तेवढेच हलवायचे. स्टोरी टाकून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर या’ म्हटलं की कुणी येत नाही. ती स्टोरी एका दिवसात जाते आणि बघणाऱ्याला ती आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा, नावानिशी. साधारण असा: ‘नमस्कार जाधव सर, तुमच्या वडिलांचं चित्र मी २०२२ मध्ये केलं होतं. यापुढे इन्स्टाग्रामवर नवीन काम टाकणार नाही. महिन्यातून एकदा एक चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत जाईन. चालत असेल तर तुमचा नंबर कळवा आणि माझा हा नंबर सेव्ह करून ठेवा.’ शेवटचं वाक्य विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. बाकीच्यांना जातच नाही, आणि तुम्हाला कळतही नाही. ‘यादी केली पण कुणी उत्तरच देत नाही’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच. दिवसाला २५-३० पेक्षा जास्त नव्या माणसांना लिहू नका. एका बैठकीत तीनशे जणांना तोच मजकूर गेला की यंत्रणा त्याला स्पॅम धरते आणि अकाउंट बंद पडू शकतं. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या, मग सोडून द्या.

ग्रुप काढू नका. दोन दिवसांत सुप्रभात सुरू होतं, आठवड्यात कुणाचा तरी राजकीय व्हिडिओ येतो, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते वेगळंच. चॅनेल काढायला हरकत नाही, पण तिथे पुन्हा फॉलोअरचा आकडा दिसायला लागतो, आणि तुम्हाला तर त्याच आकड्यापासून सुटायचं आहे. हेही ध्यानात असू द्या की व्हॉट्सअ‍ॅपही इन्स्टाग्रामच्याच कंपनीचं, म्हणजे मेटाचं आहे. ओसरीतून उठून माजघरात गेलात, वाडा तोच. म्हणून सगळे नंबर आणि पत्ते कागदाच्या वहीतही हवेत. पत्ता असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पोस्टकार्ड टाका. साधं कार्ड ५० पैशांचं, त्यावर शाईनं दोन मिनिटांचं रेखाटन आणि दोन ओळी. शंभर कार्डं म्हणजे ५० रुपये आणि तीन-चार संध्याकाळी. असं कार्ड लोक टाकून देत नाहीत, देव्हाऱ्याशेजारी किंवा टीव्हीच्या कपाटात उभं राहतं.

महिन्याच्या निरोपात एकच चित्र, आकार, माध्यम आणि किंमत. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही तिकडची सवय इकडे आणू नका. आपल्या भागात माणूस भाव विचारायला संकोचतो. विचारून ‘नको’ म्हणणं त्याला अवघड जातं, म्हणून तो विचारतच नाही. ‘१२ गुणिले १६ इंच, जलरंग, फ्रेमसह इतके रुपये, अर्धे आधी’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही सापडणार कुठे? गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. ‘परभणीत चित्रकार’ असं शोधणाऱ्याला नकाशावर तुमचं नाव दिसेल. पडताळणीसाठी आता बहुधा जागेचा व्हिडिओ मागतात, त्यात बाहेरची पाटी आणि आतलं काम दोन्ही दिसायला हवं. पाटी नसली की अर्ज अडकतो. एका पानाची वेबसाइट करायची तर बारा चित्रं, भावाचा अंदाज, ऑर्डर कशी द्यायची आणि फोन, इतकंच पुरे. डोमेन स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर घ्या. पुतण्यानं त्याच्या ईमेलवर घेतलेलं डोमेन पुतण्या पुण्याला नोकरीला गेला की मुदत संपून जातं, कारण आठवणीची मेल त्याच्याकडे जात असते.

पण खरा धंदा दुकानांत आहे. फ्रेमवाला, फोटो स्टुडिओ, फ्लेक्स छापणारा आणि स्मृतिचिन्हांचं दुकान, या चौघांकडे सेवापूर्तीचं आणि पुण्यस्मरणाचं गिऱ्हाईक तुमच्या आधी पोचतं. कार्यक्रमाचा फ्लेक्स छापायला आलेल्या माणसालाच ‘सरांचं हातानं काढलेलं चित्र देता का?’ असं विचारलं गेलं पाहिजे. प्रत्येक दुकानात १२ गुणिले १६ चं एक फ्रेम केलेलं नमुनाचित्र लावा. चेहरा असा निवडा की गावात कुणी ओळखणार नाही. ओळखीचा चेहरा असला की लोक माणसावर बोलतात, चित्राकडे बघत नाहीत. खाली नाव, नंबर आणि ‘इतक्या दिवसांत मिळेल’. दुकानदाराला दहा-पंधरा टक्के द्या आणि काम पूर्ण झाल्याच्या दिवशी द्या, महिनाअखेरीला नाही. दोन महिन्यांनी नमुना बदला. रस्त्यावरच्या दुकानात ऊन आणि धूळ इतकी असते की चित्र फिकं पडतं, आणि फिकं चित्र तुमच्याबद्दल वाईटच सांगतं.

प्रत्येक चित्राच्या मागे चिठ्ठी हवी: नाव, फोन, वर्ष, माध्यम, क्रमांक. ती मागच्या हार्डबोर्डवर लावा, चित्राच्या कागदावर अजिबात नको. मार्करची शाई दोन-तीन वर्षांत पुढे उमटते, आणि घरी शिजवलेल्या खळीनं चिकटवलं तर खळ खायला कसर येते, ती मग चित्रही खाते. शाळेच्या भिंतीवर उजव्या कोपऱ्यात चार इंच उंचीच्या पट्टीत नाव-नंबर ऑइल पेंटनं; मुख्याध्यापकांना आधी विचारून. पालकसभेला आलेली माणसं तो नंबर टिपून घेतात. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, पैठणची नाथषष्ठी, माळेगावची जत्रा इथे बसून समोरासमोर रेखाटनं केलीत तर पैसा फार मिळत नाही, पण वहीत नंबर येतात. तिथे क्यूआर कोड फक्त पैशांसाठी ठेवा, नाव-गाव मात्र माणसाकडून वहीत लिहून घ्या.

स्पर्धा-प्रदर्शनांच्या बातम्या हुकतील ही भीती खरी आहे. कला संचालनालयाचं संकेतस्थळ, बॉम्बे आर्ट सोसायटीचं संकेतस्थळ, वेरूळ-अजिंठा महोत्सवाची घोषणा, हे बघायला महिन्याचा एक दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. नव्या गॅलऱ्या मात्र आजकाल आधी इन्स्टाग्राम उघडून बघतात, हे कबूल करायला हवं. म्हणून अकाउंट पुसून टाकू नये असं माझं मत आहे.

त्याचं आता बघू. डिलीट केलं तर ३० दिवस परत येता येतं, त्यानंतर सगळं कायमचं जातं आणि तुमचं युजरनेम दुसरा कुणीही घेऊ शकतो. तात्पुरतं बंद केलं तर प्रोफाइल दिसतच नाही. अशा रिकाम्या जागेत तुमच्या नावानं खोटं अकाउंट काढणाऱ्याचं फावतं, आणि अ‍ॅडव्हान्स त्याच्या यूपीआयवर जातो. म्हणून दुकान बंद पण पाटी जागेवर, असा मधला मार्ग. नऊ चित्रं ठेवा, बाकी सगळं ‘अर्काइव्ह’ करा. ती पुसली जात नाहीत, फक्त लोकांना दिसत नाहीत. वर पिन करायला तीनच पोस्ट मिळतात. त्यातली एक पत्ता-फोनची पाटी, दुसरी भावाचा तक्ता, तिसरी तुमचं सगळ्यात चांगलं चित्र. प्रोफाइलवर स्वतःची ओळख लिहायच्या जागेत (‘बायो’) १५० अक्षरं बसतात. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी मजकूर अंदाजापेक्षा लवकर संपतो. ‘इथे नवीन काम टाकत नाही. चित्रासाठी फोन करा’ आणि नंबर, इतकं नीट बसतं. कमेंट बंद करा. जाहिरातीसाठी कार्ड जोडलं असेल तर ते काढा, चालू बूस्ट थांबवा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकनं लॉगिन केलेली दुसरी अ‍ॅपं असतील तर त्यांचं लॉगिन आधी ईमेलवर आणा. दुहेरी सुरक्षा चालू ठेवा आणि ती ज्या नंबरवर आहे ते सिम रिचार्जविना मरू देऊ नका. बंद पडलेलं सिम कंपनी दुसऱ्याला देते आणि त्याच्याबरोबर अकाउंटची किल्लीही जाते. दर तीन महिन्यांनी एकदा ब्राउझरमधून आत जाऊन निरोप बघायचे, झालं. तरीही कुणी खोटं अकाउंट काढून पैसे उकळलेच तर ज्याचे पैसे गेले त्याला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा; पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

निरोपाची भावुक पोस्ट टाकू नका. ‘आता थांबतोय मित्रांनो’ लिहिलं की दोनशे लोक लिहितात, ते वाचायला तुम्ही रोज आत जाता, आणि तीन महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर लाज वाटते.

चित्रं काढून घेतली म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांपासून सुटलो असं समजू नका. मेटानं सार्वजनिक पोस्ट त्या कामाला वापरत असल्याचं जाहीर केलेलं आहे आणि जे गेलं ते परत येत नाही. पुढचं थांबतं एवढंच. हक्काचा एक मुद्दा मात्र बरेच जण चुकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढताक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, तो पैसे देणारा धरला जातो. म्हणून पावतीवर एक ओळ छापून घ्या: ‘या चित्राचे छपाई व पुनर्निर्मितीचे हक्क चित्रकाराकडे राहतील.’ आणि शाळेच्या भिंतीच्या कामाच्या पत्रातही तीच ओळ हवी.

गायक, शाहीर, कीर्तनकार यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. कार्यक्रम ठरवणारी मंडळी आधी यूट्यूब बघतात, आणि तुम्ही नाही टाकलं तरी श्रोत्यांतला कुणीतरी टाकतोच.

पैशाचं चित्र साधारण असं असतं. पहिले तीन महिने काही फरक जाणवत नाही, आधी ठरलेली कामं चालू असतात आणि हुरूप येतो. चौथ्या ते आठव्या महिन्यात खड्डा पडतो. तोंडी शिफारशीला वेळ लागतो: चित्र भिंतीवर लागतं, मग त्या घरात पुढचं कार्य निघतं, पाव्हणे येतात, तेव्हा कुठे कुणीतरी विचारतं. हा खड्डा भरायला सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, किंवा एखाद्या शाळेच्या भिंतीचं काम मुद्दाम याच महिन्यांसाठी राखून ठेवावं. बरेच जण सातव्या महिन्यात घाबरून परत रील टाकतात आणि मग दोन्हीकडचं जातं.

हिशेबात न दिसणारी एक गोष्ट मात्र पहिल्या पंधरवड्यातच जाते, ती म्हणजे बरोबरीच्या चित्रकारांची नजर. रात्री अकराला नांदेडचा कुणी ‘कान खाली आलाय’ असं लिहायचा, ते बंद होतं. त्यासाठी चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमावं. प्रत्येकाचं एक चित्र भिंतीला लावायचं, १५ मिनिटं त्यावरच बोलायचं, आणि ज्याचं चित्र आहे त्यानं तेवढा वेळ गप्प बसायचं. फोन दाराशी टोपलीत.

पुढच्या वर्षी ३१ मे होऊन गेला की तीच वही उघडा, नव्या वर्षाच्या ऑर्डरी त्याच सहा रकान्यांत लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. ‘पहिल्यांदा कुणाकडून कळलं’ या रकान्यात फ्रेमवाला, फ्लेक्सवाला, शाळेची भिंत, मेव्हणा अशी नावं वाढलेली असतील आणि एकूण रक्कम पाऊणपटीच्या खाली गेली नसेल, तर पाटी तशीच राहू द्या. त्याहून खाली गेली असेल तर कॉम्प्युटरवरून आठवड्याला एक फोटो सुरू करा, रविवारी सकाळी, आणि फोनमध्ये अ‍ॅप तरीही घेऊ नका.